पहिल्या नंबरचं गाव

देवळाली प्रवरात ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या आदिनाथला एप्रिलपासून क्रमवारीचं खूळ लागलं होतं. लेक निकिता पाचवीला जाणार, म्हणून त्यानं आसपासच्या सगळ्या शाळांचे दहावीचे निकाल मोबाईलवर मांडले. कोल्हारची शाळा पहिली आली, गावातली, निकिताची, नववी. झालं! गडी हट्टाला पेटला. बिऱ्हाड कोल्हारला हलवायचं, तिथं घर भाड्यानं घ्यायचं आणि इथलं द्यायचं, असं त्यानं परस्पर ठरवलं आणि 'घर भाड्याने देणे आहे' म्हणून पंचक्रोशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही दिलं.

निकितानं अबोला धरला. नुकतीच ती शाळेच्या खो-खो संघाची कप्तान झाली होती.

"अहो, पोरीला विचारा तरी," बायको रेश्मा म्हणाली.

"तिला काय कळतंय? नववा नंबर हाय आपल्या शाळेचा!" आदिनाथ खेकसला. तसा तो मायाळूच. पण दहावीच्या गणितात दोनदा लटकून स्वतःची शाळा सुटली, ही सल त्याच्या मनातून कधी गेली नव्हती. लेकीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच त्याला वाटे.

ग्रुपवरच कोल्हारच्या एका घराची जाहिरात दिसली. रविवारी फोन न करताच हा मोटारसायकलवर तिथं धडकला, तर दाराला कुलूप.

"परवेझभाई व्हय?" शेजारीण म्हणाली. "ते देवळालीला घर बघाया गेल्यात."

आदिनाथनं घरी फोन लावला. रेश्माला हसू आवरेना. "या लवकर! तेच पाव्हणे आपल्या ओट्यावर बसलेत. चहाबी झाला त्यांचा."

तो परतला तेव्हा वेल्डिंगचं दुकान असलेले परवेझभाई घर बघून खूश होते. त्यांची लेक अफ्रीन मात्र तोंड फुगवून निकिताशेजारी पायरीवर बसली होती.

"घर पसंत हाय, भाऊ," परवेझभाई म्हणाले. "तुमच्या गावची शाळा पहिली हाय ना!"

त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यांनी स्कॉलरशिपचे मार्क मांडले होते. त्यात देवळाली पहिली, कोल्हार आठवी.

"छे, छे! आमची कसली पहिली? लई मागं हाय!" आदिनाथ म्हणाला.

"आमच्या म्होरं तुमची बरी, भाऊ! आमच्यात काय दम न्हाई."

दोघं शहाणे आपापल्या गावची शाळा जास्त वाईट कशी, हे तावातावानं एकमेकांना पटवू लागले.

शेवटी अफ्रीन कडाडली, "अब्बू, आमच्या शाळेला नावं ठिवू नका! गणित कळलं न्हाई तर आमच्या बाई चारदा सांगत्यात."

"आमच्या सरांना धा वेळा विचारलं तरी रागवत न्हाईत," निकितानं लगेच वरताण केली. "मी विचारतेच!"

आदिनाथ ओट्यावर टेकला. त्याच्या वेळी दुसऱ्यांदा विचारलं की छडी बसायची, म्हणून त्यानं विचारायचंच सोडून दिलं होतं. लेक विचारते, हे त्याला आज कळलं.

"पप्पा," निकिता म्हणाली, "तुमी आन् अफ्रीनचे अब्बू, दोघंच गावं बदला की. आमी हाय तिथंच शिकतो."

रेश्मा पदर तोंडाला लावून आत पळाली. परवेझभाईंनी मोबाईल खिशात टाकला आणि हसत लेकीचा हात धरला.

"चला, भाऊ. मग ग्रुपवर काय लिवणार? घर कुणाला दिलं?"

आदिनाथनं निकिताकडं पाहिलं.

"कप्तानाला," तो म्हणाला.