आप्पांचा डावा हात

आमच्या अक्काला, म्हणजे शिवरंजनीला, लोहाऱ्यात कुणी विचारलं की तू नेमकं करतेस काय, तर ती खरं उत्तर द्यायची आणि फसायची. पेशीच्या आत मालाची ने-आण कशी होते ते बघते, म्हणायची. माणसं माझ्याकडं बघायची. मी सांगायचो, बेंगळुरात माश्यांच्या अळ्या पाळते. तेवढं पटायचं.

आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मात्र तिचं काम पहिल्या झटक्यात कळलं होतं. त्यांचं किराणा दुकान. पाठीच्या कण्यापासून बोटापर्यंत एकच लांबलचक पेशी जाते, तिला लागणारा माल कण्याजवळ तयार होतो, वाहून नेणारे थांबले की बोटाकडचं टोक उपाशी मरतं, असं अक्कानं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे माल हाय, गाडी न्हाय." अक्का पुढं सगळी नोकरीभर तेच मोठ्या शब्दांत लिहीत राहिली.

हे काम तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. आमची आजी शिवम्मा हातापायांनी लुळी होऊन गेली, आणि तोच आजार आप्पांच्या बोटांत उतरला. आधी पुडीला दोरा गुंडाळता येईना. आम्ही लिंगायत, रोजची पूजा डाव्या तळव्यावर लिंग घेऊन. मग एका सकाळी पूजेला बसले असताना डाव्या तळव्यावरचं इष्टलिंग घरंगळून फरशीवर पडलं. पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट न घेणारा माणूस. त्या दिवसापासून ते गळ्यातली लिंगाची चांदीची डबी न उघडता नुसती डोळ्यांना लावायचे आणि चोरासारखे जेवायचे. मी तळव्याखाली हात धरतो म्हणालो, तर म्हणाले, "उसन्या हातानं पूजा करायची न्हाय. रंजी माझा हात चालू करणार हाय."

याला अक्काच कारणीभूत. दिवाळीत तिनं लॅपटॉपवर अळीची नस दाखवली होती. आधी जागच्या जागी थांबलेले मालाचे ठिपके, आणि औषध टाकल्यावर सरकायला लागलेले ठिपके. ही अळीची नस आहे, माणसाची नव्हे, असं तिनं परत परत सांगितलं. आप्पांनी मान डोलावली, पण त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर होती. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगू लागले, पोरीनं गाडी चालू केलीय, फक्त लोहाऱ्याला यायची राहिलीय. मला अक्काचा असा राग आला की विचारू नका. माणसाला आशा लावायची आणि आपण बेंगळूरची बस धरायची.

संक्रांत झाल्यावर ती न कळवता घरी आली. तेच औषध हाच आजार असलेल्या उंदरांना देऊन बघितलं होतं, आणि उंदरांचे पाय फरफटत होते तसेच फरफटत राहिले. दुसरं काही सापडायला कित्येक वर्षं जाणार होती, आणि इकडं आप्पांचा श्वासही अडखळायला लागला होता. मी तिला स्वयंपाकघरात गाठून म्हणालो, सांगू नको. तिनं ऐकलं नाही. आप्पांसमोर बसून सगळं सांगितलं, आणि सांगताना रडली नाही, याचाही मला राग आला.

आप्पा डबीकडं मान झुकवून तिला म्हणाले, "उघड ती. आन् तुझा हात धर खाली."

मी तिथंच उभा होतो. मला लागलंच. म्हणालो, माझा हात उसना होता, हिचा चालतो का.

"तिचा उसना न्हाय," आप्पा म्हणाले. "तिचा माझ्याच हातासाठी झिजलाय."

खाली अक्काचा तळवा, त्यावर त्यांचा, त्यावर लिंग. किती दिवसांनी पूजा झाली. आप्पा पोटभर जेवले. अक्का परसात जाऊन हमसून हमसून रडली, आणि माझा राग तिथंच संपला. तिनं रजा वाढवली. रोज सकाळी पूजेला बसायची.

पाडव्याच्या आधी आप्पा गेले.

आमच्यात बसवून पुरतात. आप्पांना खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलं. स्वामींनी लिंग डाव्या तळव्यावर ठेवलं, ते घरंगळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं. कुणीतरी म्हणालं, फडक्यानं बांधा. अक्का कुणाला न विचारता खाली उतरली. आपला तळवा त्यांच्या हाताखाली लावला आणि दुसऱ्या हातानं त्यांची बोटं एकेक करून मिटवली. लिंग राहिलं.

भस्म झालं, बेल वाहून झाला. माणसं खोरी धरून उभी राहिली. अक्का हलेना. मी कडेला वाकून म्हणालो, "अक्का, हात काढ आता."

"काढला की पडंल रे," ती म्हणाली.