सिमेंटच्या बदकावरची बोली

तुम्ही मला लबाड ठरवलंत. स्वतःच्याच मालावर घरातून बोल्या लावून भाव फुगवते म्हणे, म्हणून तुमच्या ऑनलाइन लिलावातलं माझं बारा वर्षांचं खातं गोठवलंत. पेओरिया शहरातल्या एका बाईने तर माझ्या नावापुढे जाहीर 'फसवी' असा शेरा मारला. आता हकीकत ऐका.

आमच्या आयोवात ओट्यावर सिमेंटचं बदक ठेवतात आणि सणावारी त्याला कपडे घालतात. सासूबाई गेल्या आणि त्यांचं बदक चौदा पोशाखांसकट माझ्या गळ्यात पडलं. तीन नाताळ मी त्याला टोप्या घातल्या, मग म्हटलं, पुरे. विकण्याआधी नवऱ्याला, वर्नला, तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो बुटांकडे बघत म्हणाला, "तुझी मर्जी." आमच्याकडे याचा अर्थ 'अजिबात नको' असा होतो, हे एकोणतीस वर्षांच्या संसारानंतरही मी विसरले.

माल मी सरळ विकते. फोटो दिवसाउजेडी. चोचीचा टवका उडालाय, तर त्याचाच फोटो आधी. दोष लपवला की माल परत येतो. पोशाख वेगळे विकायचे नाहीत, गिऱ्हाईक त्यांनाच भुलतं. बोलीची सुरुवात एका डॉलरने, शेवट रविवारी संध्याकाळी, लोक जेवून सोफ्यावर लोळत असताना.

पेओरियाची बाई चाळीसवर आली. कुणीतरी पंचेचाळीस लावले. तिने साठ, त्याने सत्तर. दोनशे दहावर लिलाव संपला आणि मी आनंदाने वर्नला सांगायला तळघरात धावले. तो फोन पोटाशी धरून बसला होता.

"जिंकलो गं," तो म्हणाला.

आईचं बदक हवं होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं, असं विचारलं.

"तू एवढे छान फोटो काढले होतेस. तुला वाईट वाटलं असतं."

हे सगळं मी तुम्हाला तीनदा कळवलं. तीनदा यंत्राने त्याच चार ओळी पाठवल्या.

आता मला एक सांगा. आपल्याच नवऱ्याच्या खिशातले दोनशे दहा डॉलर आपल्याच खिशात घालायचे आणि वर तुम्हाला त्यावर दलाली द्यायची, ही कुठल्या लबाड बाईची अक्कल? उत्तर माणसाने लिहावं, खाली स्वतःचं नाव घालून. कधी देताय?