एक सदरा पाणी

मी चावी बोलतेय. कुलपाची नव्हे. ती कनवटीला लावून मिरवायची नाजूक जात वेगळी. मी पाण्याची चावी. कमरेइतकी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. खड्ड्यातल्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर मला बसवायचं आणि दोन्ही हातांनी फिरवायचं, की शेतात पाणी सुटतं. वजन मात्र विचारू नका. विचारलंत तरी मी खरं सांगणार नाही.

एका मोडक्या गाडीच्या कण्यापासून लोहारानं मला घडवलं. त्या दिवशी त्याचं बायकोशी भांडण चाललं होतं. उत्तरं तिला देत होता आणि घाव माझ्यावर घालत होता, त्यामुळे मी जराशी वाकडी निपजले. "राहू दे," तो म्हणाला, "पाणी तरी कुठं सरळ जातं?"

माझ्या आधी या गावात वर डोंगरात तळं होतं, खाली रान होतं, आणि मध्ये नुसत्या गप्पा होत्या. पावसावर एक पीक निघायचं. ते घरात आलं की निम्मी घरं दाराला कुलूप घालून परगावी कामाला निघायची. चौकातल्या शिंपीमामांच्या खोलीत नवं कापड वर्षातून एकदा यायचं, बाकी वर्षभर ठिगळं. मग तळ्यापासून खालच्या सात मळ्यांपर्यंत पाइप आला. प्रत्येक मळ्यापाशी एक खड्डा, खड्ड्यात एक व्हॉल्व्ह, आणि सातही व्हॉल्व्हना मिळून मी एकटी. महिन्यातून आठ दिवस, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, तळ्याचं दार उघडं राहणार होतं. एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडायचा, नाहीतर कुणालाच धड पाणी मिळत नसे.

दोन वर्षांत गाव ओळखू येईना. भाजी निघाली, भाजी न्यायला टेम्पो आला, टेम्पोवाल्याला चहा लागला म्हणून टपरी आली, आणि टपरीवर बसून टेम्पोवाल्याला नावं ठेवायला माणसंही गावातच राहू लागली. दारांची कुलपं गंजली, कारण घरं बंद करून जायचं कारणच उरलं नाही. हे सगळं माझ्यामुळे झालं. तळं, पाइप आणि इंजिनिअरसाहेब यांचाही थोडा हातभार होता, नाही म्हणत नाही.

पण माणसाचा एक स्वभाव मी पाहिलाय. पाणी नव्हतं तेव्हा सगळे एकमेकांना धीर द्यायचे, पाणी आलं तसे एकमेकांवर डोळा ठेवू लागले. ज्याच्या हाती मी, त्याच्या शेतात पाणी. मग मला लपवायची चढाओढ लागली. मी धान्याच्या कोठीत राहिले, पाळण्याच्या गादीखाली राहिले, एकदा तर एका आजीबाईंच्या पांघरुणात त्यांच्या शेजारी अख्खी दुपार काढली. शोधायला आलेल्यांना आजी म्हणाल्या, "पाय आहेत माझे ते, हात लावू नका." तिघे जण आले होते, पण पाय तीन दिसताहेत हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी सभा भरली. ज्याला जमीनच नाही त्याच्याकडे चावी द्यायची असं ठरलं, आणि तसा माणूस गावात एकच, शिंपीमामा. मापाला पक्के, बोलायला भित्रे. आता प्रत्येकाची पाळी किती वेळाची, हे मोजायचं कसं? घड्याळावर कुणाचा विश्वास नव्हता. ज्याची पाळी असे त्याचं घड्याळ त्या दिवशी हमखास मागे पडे. तेव्हा पहिल्या खड्ड्याचे काका उठले. गावातला सगळ्यात मोठा मळा त्यांचा आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच.

"मामांचा हात घड्याळापेक्षा बरा," काका म्हणाले. "सकाळी सदरा कापला की दिवस मावळताना काजं-बटणांसकट तयार. ज्याची पाळी त्यानं शिवायला काम आणावं, आणि ते शिवून होईपर्यंत पाणी त्याचं. मामांनाही चार कामं मिळतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या महिन्यात सात दिवसांत सात सदरे झाले, सात मळे भिजले, आठवा दिवस उरला. मी मनात म्हटलं, ही माणसं शहाणी झाली. इतकी घाई करायला नको होती.

दुसऱ्या महिन्यात काका कोटाचं कापड घेऊन आले. आतून अस्तर, बाहेरून अकरा खिसे.

"अकरावा कशाला, काका?" मामांनी भीत भीत विचारलं.

"दहावा भरला तर?"

कोटाला अडीच दिवस लागले. अडीच दिवस काकांच्या मळ्यात पाणी, इतकं की त्यांच्या बांधावर बेडकांनी संसार थाटले. ते पाहून दुसऱ्या खड्ड्यावाल्यानं ट्रॅक्टरला झूल शिवायला आणली. तिसऱ्यानं झालरीचे पडदे आणले, त्याच्या घराला खिडकी एकच असताना. मामा बिचारे आलेलं काम इमानानं शिवत राहिले, आणि आठ दिवस सहाव्या खड्ड्यापाशीच संपले.

सातवा खड्डा रोपवाल्या आत्यांचा. सगळ्यांत शेवटचा, सगळ्यांत लहान. पण त्यांच्या चार वाफ्यांत सगळ्या गावाची मिरचीची रोपं तयार व्हायची. काकांची चार हजार रोपंही तिथंच होती. तो महिना आत्यांनी विहिरीच्या तळातलं पाणी घागरीनं शिंपून काढला. पुढच्या पाळीपर्यंत विहीर आटली आणि रोपांनी माना टाकल्या. एका दिवसाचं पाणी मिळालं नसतं तर वाफे गेले असते, आणि वाफे गेले तर आत्या पुन्हा कुलूप घालून परगावी निघणार होत्या. त्यांनी कुलपाला तेलही घालून ठेवलं होतं.

तिसऱ्या महिन्यात पहिल्या सहांची कामं कशीबशी सात दिवसांत उरकली, आणि आठव्या दिवशी सकाळी आत्यांची पाळी आली. रात्रंदिवस रोपांपाशी बसलेल्या बाईला कापड आणायला सवड कुठली? त्यांनी आपलाच स्वेटर पुढे केला.

"मामा, एवढं बटण लावून द्या. दुसरं काही नाही."

काका आधीच बाकावर येऊन बसले होते, मांडीवर नवं कापड घेऊन. "पाच मिनिटांचं काम," ते म्हणाले. "मग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे माझी पाळी. या वेळी खिसे तेरा."

मामा उठले. मला खांद्यावर घेऊन सातव्या खड्ड्याशी गेले, पाणी सोडलं, परत आले आणि सुईत दोरा ओवायला बसले.

हा माणूस बोलता बोलता, बाहेर बघत, जांभई देत दोरा ओवतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी मात्र दोरा काही नेढ्यात जाईना. त्यांनी टोक ओलं केलं, मग ते कातरलं, मग सुई उजेडाकडे धरली. चष्मा पुसला. दुसरी सुई काढली आणि पहिलीच बरी म्हणून ठेवून दिली. दुपार झाली. मी त्यांच्या पायाशी आडवी पडून होते आणि तिकडे पाणी वाहत होतं. न फिरता मी आयुष्यात पहिल्यांदाच काम करत होते, आणि खरं सांगते, मला भरून आलं.

"आणा इकडे, मी ओवून देतो," काका म्हणाले.

"नको काका. दुसऱ्यानं ओवला की माझं शिवण बिघडतं."

"हे मुद्दाम चाललंय."

 मामांनी मान वर केली. "अकरा खिसे शिवले तेव्हा मी काही म्हटलं का? आलं ते काम मी करतो. आज बटण आलंय. आणि काका, तुमची चार हजार रोपं आहेत तिकडे. ती वाळली तर पुढच्या हंगामात मळ्यात काय लावणार, खिसे?"

 काकांनी मांडीवरच्या कापडाची घडी घातली. मग त्यांनी बाक सरकवला, कारण त्यांची सावली मामांच्या सुईवर पडत होती.

"चष्मा नीट पुसा," ते म्हणाले. "घाई नाही."

दिवस मावळताना दोरा ओवला गेला. बटण लागलं ते सूर्य बुडाल्यावर.

त्यानंतर पाळी शेवटच्या खड्ड्यापासून सुरू होऊ लागली आणि काम म्हणून फक्त सदराच चालू लागला. आत्यांचे चार वाफे आता चौदा झालेत. कामाला त्यांनी पाच बाया ठेवल्यात, आणि त्या तेल घातलेल्या कुलपाचं काय झालं ते त्यांनाही आठवत नाही. व्हॉल्व्ह आता विजेवर चालतात, वेळ लावली की आपोआप उघडतात. तरी गावात कुणी तास म्हणत नाही. "आज किती सदरे पाणी?" असंच विचारतात.

मी मामांच्या खोलीत भिंतीला आडवी असते. माझ्यावर शिवलेले कपडे टांगतात. तक्रार नाही, म्हातारपणी सगळ्यांवरच काही ना काही टांगलं जातं. वीज गेली की मात्र अख्खं गाव माझ्याकडे धावत येतं आणि मी वाकडी आहे हे कुणालाही आठवत नाही. तेव्हा बोलावलंत तर येईन. फक्त आधी काकांचं ते तेरा खिशांचं कापड माझ्यावरून उतरवा. "उद्या नेतो" म्हणून गेलेत, अजून आले नाहीत.