वेसाकचं फूल, मुळासकट

नवरा पियदास वारून वर्ष होत आलं, तरी सीलावतीची दोघांचा भात शिजवायची सवय सुटली नव्हती. मुलगी परदेशात कामाला. उरलेला भात ती कावळ्यांना घाली आणि चार शब्दही त्यांच्याशीच बोले.

वेसाकची, म्हणजे बुद्धाची पौर्णिमा आली. दर वर्षी या दिवशी पियदास रानातून, झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या वेसाक फुलाचा एक जांभळट तुरा आणून विहारात वाही. यंदा त्याच्या नावाने तसाच तुरा वाहून त्याला पुण्य पोचवायचं, एवढीच तिची इच्छा होती.

शेजारचा जयसेन दालचिनी सोलायचा. तो तिच्यासाठी ओढ्यापलीकडच्या झाडावर चढला आणि सालीवरचं अख्खं रोपच खरवडून घेऊन आला.

"अक्का, नुसता तुरा लगेच मान टाकतो. हे टिकेल."

"पडला असतास म्हणजे?"

"तर अंथरुणात पडून तुझा उरलेला भात मीच खाल्ला असता. कावळे माजलेत नुसते."

विहारात तिने रोप म्हाताऱ्या भंतेंपुढे धरलं. "वासही घेतला नाही, भंते."

भंते लोंबणाऱ्या मुळांकडे बघत राहिले. "याच्या जोडीचं दुसरं दिसलं का रानात?"

"नाही. हे एकटंच उरलं होतं म्हणे."

"बाकीची कुठे गेली?"

"चोरांनी नेली असतील."

"चोरांनी नाही नेली, उपासिके. तुझ्यासारख्या श्रद्धाळू माणसांनीच नेली. प्रत्येकाला वाटलं, एका रोपाने काय होतंय. पियदास नुसता तुराच का आणायचा, विचारलंस कधी?"

"राहून गेलं विचारायचं."

"मला म्हणाला होता, पुढल्या वेसाकला मी नसलो तरी फूल असायला हवं."

काय करून बसलो आपण! सीलावती रोप घेऊन तशीच मागे फिरली. पियदासच्या जुन्या सारोंगाची पट्टी फाडून, रोप होतं तिथे परत बांधायला तिने जयसेनला पुन्हा त्याच झाडावर चढवलं.

"झाडाला नवऱ्याचं सारोंग नेसवणारी बाई पहिल्यांदाच पाहतोय," तो वरून म्हणाला.

"बोलू नकोस. नीट बांध."

वर्षभर ती त्या झाडाखाली जाऊन बसे. पुढल्या वेसाकला एकही कळी आली नाही. पण जयसेनने वर चढून पाहिलं, तर पट्टीखालून दोऱ्याएवढं एक नवं मूळ निघून सालीला चिकटलं होतं. तिने अंगणातला चाफा विहारात वाहिला, मग झाडापाशी येऊन हळूच म्हणाली, "तुमचं फूल इथेच आहे हो. यंदा नाही उमललं. थांबू आपण."

लोकहो, पूजेला फूल घ्यावं, त्याचं घर उपटू नये. आणि जे एकटंच उरलंय, ते जिथे आहे तिथेच राहू द्यावं. त्याची तीच पूजा.