अप्पांना दिसेना, बोल मला

मी मॉनिटर बोलतोय. चौदा इंची, मागं मोठं पोट सुटलेला. गेवराईत मला सगळे ‘कम्प्युटर’ म्हणायचे. डोकं चालवायचा तो टेबलाखालचा डबा. मी नुसतं तोंड. तरी दसऱ्याला हार माझ्यावरच चढायचा आणि मी तो निमूट घालून घ्यायचो. लाज मला बेतानंच दिलेली.

१९९९ साली औरंगाबादहून गोधडीत गुंडाळून जीपमधून मी आलो. आणलं वर्षाराणीनं. ती वैजिनाथअप्पांची सून. अप्पांच्या किराणा दुकानाला लागून एक खोली होती. तिथं लग्नपत्रिकांचा मजकूर कम्प्युटरवर जुळवून छापायला द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. अप्पांना त्या खोलीत पिठाची गिरणी हवी होती. त्यांचा मुलगा बसवेश्वर बायकोच्या बाजूनं बोलला, तेव्हापासून अप्पांनी सुनेशी बोलणंच टाकलं. चहा हवा असला तर भिंतीला सांगायचे.

समाधान मेकॅनिकनं जोडणी करताना माझ्यात, म्हणजे डब्यात, एक इंग्रजी खेळ टाकून दिला होता. एक तलवारवाला गडी गावं, गुहा फिरायचा, माणसांशी बोलायचा, लढायचा आणि सापडलेलं सामान व्यापाऱ्याला विकायचा. दुपारी काम नसलं की वर्षाराणी तो खेळत बसे.

अशाच एका दुपारी अप्पा दुकानाचं फळकूट लावून दारात येऊन उभे राहिले. पडद्यावरचा व्यापारी वर्षाराणीकडून कवडीमोलानं ढाल घेत होता. अप्पांना राहवेना.

“त्यो लुटतोय तुला,” ते म्हणाले. “देऊ नको. फुडल्या गावात बघ.”

कित्येक महिन्यांनी सासरा सुनेशी बोलला, तोही ढालीवरून. ही माझ्या देखण्या चेहऱ्याची करामत, असं मी तेव्हा धरून चाललो.

मग ते रोजचंच झालं. ती इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, अप्पा निर्णय घ्यायचे. गड्याला ते पोटच्या पोरासारखं दटावायचे. खेळातल्या व्यापाऱ्यांवर मात्र त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. तराजू न दाखवता भाव सांगणारा माणूस त्यांना पटण्यासारखा नव्हताच.

थोड्याच दिवसांत अप्पांची तक्रार सुरू झाली. अक्षरं बारीक हायेत. आता इंग्रजी अक्षरं त्यांना मोठी असली काय नि बारीक असली काय, पण वर्षाराणीनं सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचं माप आठशे बाय सहाशेचं सहाशेचाळीस बाय चारशेऐंशी केलं, म्हणजे सगळं मोठं दिसावं. मी ‘टक्’ करून डोळे मिटले, उघडले, आणि चित्र एका अंगाला सरकून बसलं. तिनं माझ्या हनुवटीखालची बटणं फिरवून ते मधोमध आणलं. खेळाला रंग कमी लागायचे म्हणून तिनं तेही कमी केले, परत वाढवायला विसरली, आणि एका पत्रिकेवरचा गणपती जांभळा दिसू लागला. नवरदेवाचे वडील माझ्याकडंच रोखून बघत राहिले.

पुढं अप्पा म्हणू लागले, अंधार हाय. गुहेत काहीच दिसत न्हाई. तिनं खेळातला उजेड वाढवला. तरी अंधार. मग माझा उजेड पूर्ण चढवला. काळ्या गुहा राखेसारख्या पांढुरक्या झाल्या, भिंतींमागचं काहीबाही उघडं पडलं, पण अप्पांचं एकच. एकदा तर औषधाची निळी बाटली समजून त्यांनी गड्याला हिरवी पाजायला सांगितली. ती विषाची होती. गडी मेला.

बोल मला लागला. वर्षाराणी म्हणाली, मॉनिटर गेला. मलाही ते पटलं. आपला प्रकाश संपत आलाय, असं वाटून मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला. फार भारदस्त निरोप होता तो. ऐकायला कुणी नव्हतं.

समाधान बीडहून दुसरा मॉनिटर घेऊन आला. मला खाली फरशीवर, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. नव्यावर तीच गुहा लागली.

अप्पा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, “ह्यो बी तसाच हाय.”

वर्षाराणीनं माऊस खाली ठेवला. “अप्पा,” ती हळूच म्हणाली, “समोरच्या कॅलेंडरवर आज कोणती तिथी हाय?”

अप्पांची खुर्ची करकरली. ते उठून जातील असं मला वाटलं. पण ते तिथंच बसून राहिले.

“डाव्या डोळ्याला तर दिवस मावळल्यावानी दिसतं,” ते शेवटी म्हणाले. “बसवेश्वरला सांगू नको. त्यो मला दुकानात बसू देणार न्हाई.”

मग कळलं, तराजूचा काटाही ते गेले काही महिने अंदाजानंच वाचत होते. गिऱ्हाइकाला थोडं जास्तच घालायचे, म्हणजे कुणी तक्रार करायला नको.

“आज लपवलं तर उद्या दुकानात बसून बी काय दिसणार?” वर्षाराणी म्हणाली. बसवेश्वरला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं, पण दुकान अप्पांचंच राहील हे आधी कबूल करून घेतलं. मोतीबिंदू निघाला. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं.

दुसरा मॉनिटर समाधानला परत दिला आणि मला पुन्हा टेबलावर बसवलं. काळा चष्मा लावून अप्पा आले, समोर बसले आणि त्यांनी चष्मा जरासा वर केला. मी जीव तोडून उजळलो. आता माझं कौतुक होणार होतं.

“हे एवढं भडक कावून ठेवलंय?” अप्पा म्हणाले. “कमी कर.”

ती बटण फिरवायला वाकली. अप्पा तिच्याकडं बघत राहिले.

“लई वाळलीस गं तू,” ते म्हणाले. “जेवत न्हाईस का?”

तिचा हात बटणावरच थांबला. त्या दिवशी गुहेकडं कुणी बघितलंच नाही, आणि माझ्याकडं तर नाहीच.

आता टेबलावर सडपातळ, चपटा पडदा आहे. मी गोदामात, तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या रांगेत. माझी वायर कापून बसवेश्वरनं मिक्सरला जोडलीय. सकाळी घरातून शेंगदाण्याची चटणी वाटल्याचा आवाज येतो, तेव्हा आपण अजून कामात आहोत असं मी डब्यांना सांगतो. तर मंडळी, माझ्यावरची धूळ राहू द्या. मिक्सर तेवढा जपून चालवा.