तळलेल्या शिडीचा बाजार

लेमविग गावच्या सभागृहात त्या शनिवारी दुपारी एकही खुर्ची रिकामी नव्हती. बंदरावरचे कोळी, बंद पडलेल्या मासळी कारखान्यातल्या बाया, मुख्य रस्त्यावरचे दुकानदार, सगळे माना उंचावून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर आलेखाची एक निळी रेघ तळाशी आडवी पडली होती. धंद्याचा गुरू म्हणवणारा फ्लेमिंग रोसेनव्हांग लॅपटॉपवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभा होता.

"शू! बाजार बोलतोय," तो पुटपुटला. "शब्द येतोय... शेवाळ... शेवाळाचा साबण! मित्रांनो, फोन काढा. हा शब्द शोधा. मनापासून शोधा, म्हणजे तुमची ओढ बाजाराला कळेल!"

सभागृहभर बोटं चालली. मग कॉफी आणि दालचिनीच्या पावांसाठी सुट्टी झाली. लोक परत येऊन बघतात तो रेघ डोलकाठीसारखी ताठ उभी, आणि टोकाला आकडा: शंभर!

"शंभरपैकी शंभर!" फ्लेमिंग गरजला. "झोपलेला बाजार उठला! असे शब्द फक्त माझ्या यंत्राला ऐकू येतात, आणि मिळतात फक्त माझ्या अंतर्मंडळाला, म्हणजे फी भरणाऱ्या खास शिष्यांना. आज सही करतील ते तरले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत टोवे क्विस्टगार्डनं मात्र हात मांडीवरच ठेवले. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं शाळेत गणित शिकवलं होतं. आज ती आली होती ती धाकट्या भावासाठी. या अंतर्मंडळाची फी भरायला आस्गर आपली बोट विकणार होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं.

"ताई, बघितलंस ना?" आस्गरचे डोळे भरून आले होते. "मासळी आटली, माझी पाठही कामातून गेली. कुणीतरी वाट दाखवतंय, तर तू तोंड वाकडं करू नकोस."

टोवेला भावाचा राग आला नाही. ही नड नेमकी हुंगून गावात शिरलेल्या माणसाचा मात्र तिला संताप आला. ती उठली.

"शंभर म्हणजे शंभर काय हो? माणसं? हजार?"

"शंभर म्हणजे पूर्ण, बाई! संशयी माणसाला बाजार दर्शन देत नाही."

लोक हसले. आस्गरनं तिची बाही ओढली. "खाली बस ना, सगळे बघताहेत."

"बघू देत. मी उभी आणि ते बसलेले, याची त्यांना सवय आहे." तिनं फोन उंच धरला. "हीच निळी रेघ माझ्या फोनवरही आहे. यंत्रबिंत्र काही नाही, लोक कोणता शब्द किती शोधतात ते दाखवणारी, कुणीही फुकट उघडावी अशी साइट आहे. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलंय, वाचा. 'गेला एक तास, फक्त हा जिल्हा.' आता जगात कुणालाच नको असलेली एक वस्तू सांगा."

"तळलेली शिडी!" कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह खदखदलं.

"छान. शोधा सगळ्यांनी."

"हा पोरखेळ बंद करा!" फ्लेमिंगचा आवाज चिरकला. "कार्यक्रम माझा आहे!"

"सभागृह आमचं आहे," कॉफी सांभाळणारी ग्रेथे म्हणाली. "मी दुसरी किटली चढवते."

किटली संपेपर्यंत सगळ्यांच्या हातातल्या फोनांवर रेघ उभी राहिली. तळलेली शिडी: शंभर.

हशा फुटला तो थांबेना.

"हा आकडा माणसं मोजत नाही," टोवे म्हणाली. "तो शब्दाची तुलना त्याच्याच उच्चांकाशी करतो. जो शब्द कुणीच शोधत नव्हतं, तो आपण सगळ्यांनी एकदम शोधला. तोच त्याचा उच्चांक, आणि उच्चांकाला ही साइट शंभर म्हणते. साबणाला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आपण होतो, या साहेबांचं!"

"माझे शिष्य लाखांत खेळतात!"

"मग साबण विकून जगणारा एक तरी उभा करा इथं."

फ्लेमिंग वायरी गुंडाळू लागला. सही केलेल्यांनी त्याला दारातच गाठलं आणि आपापले कागद परत घेऊन फाडले. तरी दोघं त्याच्या गाडीमागे गेलेच. "शिडीचं सोडा," त्यातला एक म्हणत होता, "पण साबण चालेल हो!"

टोवेच्या स्वयंपाकघरात बसल्यावर आस्गर म्हणाला, "म्हणजे वाट नाहीच."

"असं मी कधी म्हटलं? साइट खोटी नाही, तो माणूस खोटा. गेली पाच वर्षं आणि अख्खा देश निवड. आता तुझ्या हातांना येणारं काम टाक."

त्यानं बरंच काही टाकून पाहिलं. 'शिडाची दुरुस्ती' टाकल्यावर रेघ दर वसंतात उठत होती, वर्षामागून वर्ष.

"हा बाजार?"

"ही नुसती खूण. लोक विचारतात एवढंच कळलं. पैसे मोजतील का, ते त्यांनाच विचार."

त्यानं बंदरोबंदरी फोन केले. बऱ्याच ठिकाणी नकार आला. एका बंदरावरचा माणूस मात्र म्हणाला, "आमचा शिवणारा म्हातारा झालाय. इथं फाटकी शिडं पडून असतात. कधी येतोस?" आस्गरनं बोटीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

पुढे फ्लेमिंगचा कार्यक्रम शेजारच्या गावात लागला. आस्गर तिथल्या दारात जाऊन उभा राहिला. फ्लेमिंगनं त्याला हटकलं, पोलिसांची धमकी दिली. आस्गर जागचा हलला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत राहिला:

"खुशाल आत जा, ऐका. पण सही करण्याआधी हीच साइट घरी जाऊन स्वतः उघडा, आणि आकड्याचा अर्थ विचारा. जो माणूस तेवढीही सवड देत नाही, त्याच्याकडे तुम्हाला द्यायला काहीच नाही."