दोन जिवांची भूक

कांताबाईंनी पाचव्या महिन्यापासूनच सुनेच्या ताटातली भाकर अर्धी करायला सुरुवात केली होती. त्यांची धाकटी बहीण पारशिवनीला बाळंतपणात गेली, तेव्हा सुईण म्हणाली होती, लेकरू फार मोठं होतं, अडलं. ते कांताबाईंच्या मनातून कधी गेलंच नाही. सून गोपिका खाप्याची, अबोल पोरगी. वाढलं तेवढं खायची, वर तांब्याभर पाणी पिऊन उठायची.

सातव्या महिन्यात पोट भलतंच मोठं दिसू लागलं, पण गळ्याची हाडं वर आली. कांताबाई घाबरल्या. इंदोऱ्यातून सायकलरिक्षा करून तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, नळी लावून दोन्हीकडे ऐकलं.

"जुळं आहे. पण हिचं वजन वाढलेलं नाही. जेवत नाही का ही?"

"मीच कमी वाढतो, बाई," कांताबाई पुटपुटल्या. "लेकरू मोठं झालं तं अडते."

"जुळ्यातलं एकेक लेकरू लहानच असतं. आई उपाशी राहिली तर ती वेळेआधी येतात, अशक्त येतात. एका वेळी हिला फार जाणार नाही. थोडं थोडं द्या, पण दिवसभर द्या. वरण, दूध, अंडी, शेंगदाणे."

परत येताना रिक्षात कांताबाईंनी पहिल्यांदाच बहिणीची गोष्ट सांगितली. गोपिकानं सगळं ऐकून घेतलं.

"मले वाटे, माह्या खाण्याचा तुम्हाले राग येते, आत्याबाई."

"राग काहून येईन वं? भेव वाटे मले."

त्या दिवसापासून चूल थंड म्हणून राहिली नाही. सकाळी दूध, मग उकडलेलं अंडं, दुपारी वरणात कुस्करलेली भाकर, संध्याकाळी शेंगदाणे न् गूळ. गोपिका कंटाळून म्हणायची, "आता पुरे जी." कांताबाई वाटी तिथंच ठेवून जायच्या, आणि थोड्या वेळानं ती रिकामी सापडायची. दवाखान्यातल्या काट्यावर वजन हळूहळू चढत गेलं. तरी बहिणीची आठवण काही पिच्छा सोडेना.

नववा लागल्यावर एका दुपारी कळा सुरू झाल्या. कांताबाई वार्डाबाहेर भिंतीला टेकून बसल्या. मुलगा रुपराव चहा घेऊन आला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी नर्सबाई दोन दुपटी घेऊन बाहेर आली.

"दोन्ही पोरी. लहान आहेत, पण चांगल्या रडतात."

कांताबाईंनी दुपट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माय कशी हाय यांची?"

"ठणठणीत आहे," नर्सबाई हसली. "जेवण मागते."